मचाण कोणाचे?

‘शेत माझे, मचाण माझे, त्यावर कोणास बसवावे हे ठरविणार मी, इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय?’ असा एक युक्तिवाद अलीकडे आमच्या कानांवर वारंवार येऊ लागला आहे. तो दिसावयास सरळ आहे आणि करणारे बहुधा भले लोक असतात, म्हणूनच अधिक धोक्याचा. त्याच्या पाठोपाठ दुसरेही एक वाक्य हटकून येते, ते असे की, ‘आम्ही शिकारीची रीत पाळणारी माणसे आहोत.’ ह्या दोन वाक्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही, हे आज दाखवावयाचे आहे.

उदाहरण घेऊ ते वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे. अरुणावतीच्या खोऱ्यातील हा मुलूख. तुरीस शेंगा धरल्या व हरभरा घाट्यावर आला म्हणजे येथील कास्तकाराची झोप उडते. रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी शेत वखरल्यासारखे दिसते. रोही जेवढे खातात त्याहून अधिक तुडवितात. म्हणून शेतात मचाण उभे राहते. चार बल्ल्या, वर एखादी बाज, तीवर पऱ्हाट्यांचे छप्पर, एवढाच त्याचा थाट. तेथे बसून रात्रभर डबा वाजवावयाचा, विजेरी फिरवावयाची, हाळी द्यावयाची व पलीकडच्या शेतातून हाळी आली म्हणजे तिला उत्तर द्यावयाचे, ह्याचे नाव जागल. जेथे तीन-चार धुरे मिळतात तेथे पुष्कळदा एकच मचाण असते आणि शेजारी पाळीपाळीने त्यावर बसतात. त्याच्या बल्ल्या कोणाच्या सातबाऱ्यात रोवल्या आहेत, हा प्रश्न कोणी काढीत नाही. कारण डुक्कर सातबारा पाहून शिरत नाही.

हा प्रश्न निघाला तो मचाणावर बंदूक चढली तेव्हा.

बंदूक तेथे कोणत्या आधारावर चढते, हे आधी सांगितले पाहिजे. कारण ह्या बाबतीत शिकल्यासवरल्या घरांतूनही विलक्षण अज्ञान आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा परवाना घेऊन काही जनावरांची शिकार करण्याची मुभा त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती मुभा गेली. तेव्हापासून मौजेची शिकार ह्या देशात कायदेशीर राहिलेली नाही. मग ती सरकारी रानात असो, की स्वतःच्या मालकीच्या शेतात. उरली ती एक वाट. उभ्या पिकाचा नाश करणारे जनावर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येते, आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रानडुक्कर व रोही ह्यांच्यापुरती ती वाट काहीशी रुंद केली. तरीही अशा परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते, त्याचा रस्सा करून पाहुण्यांस वाढण्याची वस्तू नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. म्हणजे कायद्याने बंदूक दिली ती राखणदारास. शिकाऱ्यास दिलेली नाही. ज्यांस शिकारीची हौस आहे त्यांनी राखणदाराचे घोंगडे पांघरावयाचे आणि मग त्या घोंगड्याखालून शिकारीच्या रीतीभाती सांगावयाच्या, असा हा प्रकार आहे.

काही वर्षांमागे एका हिवाळ्यात आम्ही मानोऱ्याजवळ एका स्नेह्यांच्या शेतावर मुक्कामास होतो. शहरातून त्यांचे एक पाहुणे आले होते. परवानगीचा कागद यजमानांच्या नावचा, बंदूक पाहुण्यांची. कायदेपंडित ह्याचा काय अर्थ लावतील तो लावोत. पाहुणे मोठे रसिक होते. मादी व पिलू ह्यांवर आपण कधी नेम धरीत नाही, दुसऱ्याच्या मचाणावर विचारल्यावाचून चढत नाही, ज्याची पहिली गोळी लागली जनावर त्याचे, इत्यादी गोष्टी त्यांनी जेवताना सांगितल्या व आम्हांस त्या आवडल्याही. रात्री दोनच्या सुमारास धुऱ्याकडील तुरीत सळसळ झाली. पाहुण्यांनी बंदूक आवाजाच्या रोखाने उचलली. तेवढ्यात तुरीतून खोकला ऐकू आला. शेजारचे शेत ठोक्याने दिलेले होते. त्या ठोकेदाराचा सालदार घोंगडे घेऊन मचाणाकडे येत होता. त्या रात्री जागलीची पाळी त्याची होती, आणि आज मचाणावर पाहुणे आहेत हे त्यास सांगावे असे कोणाच्याही मनात आले नव्हते.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. पाहुण्यांनी घाम पुसला आणि डुक्कर बुजल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. यजमानांनी सालदारास झापले : मचाण माझे आहे, न विचारता येथे यावयाचे नाही. रीत मोडली ती त्याने, असा त्या रात्रीचा निकाल लागला. आम्ही तेथे होतो आणि एक अक्षर बोललो नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ह्या निकालात शिकारीच्या सभ्यतेचे सारे गुणदोष उघडे पडतात. ही सभ्यता बंदूकवाल्यांनी बंदूकवाल्यांशी कसे वागावे, एवढ्यापुरतीच आहे. इंग्रजी अमदानीत साहेब लोकांचे शिकारीचे नियम बारीकसारीक होते. वाघाचे कातडे कोणी न्यावयाचे ह्याचा निवाडा पहिले रक्त कोणी काढले त्यावर होई. हाकाऱ्यास वाघाने धरले तर काय, हे कलम मात्र त्या सभ्यतेच्या गाभ्यात कधी नव्हते. आमच्या जुन्या कथांतही हा भेद स्पष्ट आहे. एकाच डुकरावर अर्जुनाचा बाण व किराताचा बाण. पहिला नेम कोणाचा ह्यावरून भांडण, आणि अर्जुन किरातास मृगयाधर्म शिकवू लागतो. ही गोष्ट शिकारी मंडळींस फार प्रिय. पण दुसरीही एक गोष्ट आहे. शरयूच्या काठी, अंधारात, घागर भरल्याचा आवाज ऐकून हत्ती पाणी पीत आहे असे समजून तरुण दशरथाने बाण सोडला. रान राजाचे होते, शब्दवेधाची विद्या अस्सल होती; मेला तो आंधळ्या मातापित्यांचा मुलगा. आमच्या पाहुण्यांच्या आणि दशरथाच्या मध्ये त्या रात्री एका खोकल्याचे अंतर होते.

रीतीचेच बोलावयाचे तर ह्या वऱ्हाडात ती खरोखर पाळणारे लोक होते. पण आमच्या ओसरीवर त्यांस कधी पान मिळाले नाही. फासेपारध्यांच्या फाशात काळविटाची गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची त्यांची रूढी माधव गाडगीळांसारख्या अभ्यासकांनी नोंदली आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली, तो शिक्का पारध्यांवरही बसला, आणि १९५२ साली कायदा गेला तरी शिक्का पुरता पुसला गेला नाही. ज्यांचे पोट फाशावर होते त्यांनी आपल्या हातास आवर घातला; ज्यांचे पोट भरलेले आहे ते आवर घातल्याची गोष्ट जेवणानंतर सांगतात.

आता ‘शेत माझे’ ह्या मुख्य मुद्द्याकडे वळू. खाजगी मालकीचा आदर करण्यात जर्मन लोक कोणास हार जाणार नाहीत. तेथे उंच मचाणावरून डुकरे मारण्याचा प्रघातही जुना आहे. पण तेथे जमीन स्वतःची आहे एवढ्याने तीवर बंदूक चालविता येत नाही. एकसंध ७५ हेक्टर, म्हणजे सुमारे १८५ एकर, जमीन असेल तरच साधारणपणे मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. त्याहून लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सगळ्यांचे मिळून एक क्षेत्र धरतात. जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातना संपविणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. ह्या सक्तीच्या एकत्रीकरणाविरुद्ध, शिकार ज्याच्या सदसद्विवेकास पटत नाही असा एक जमीनमालक स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला व २०१२ साली जिंकलाही. तात्पर्य, मालकीच्या जोरावर ‘माझ्या शेतात मारू नका’ असे म्हणण्याचा हक्क तेथे मान्य झाला. ‘माझ्या दोन एकरांत मी वाटेल तसे मारीन’ हा नव्हे. मानोऱ्यात दोन, पाच, फार तर दहा एकरांचे तुकडे. येथे सुटलेली गोळी मालकाच्या हद्दीत राहील, असे कोणता मालक छातीवर हात ठेवून सांगेल? अर्धमेले डुक्कर धुरा ओलांडून शेजारच्या कपाशीत जाऊन पडते, आणि सकाळी तेथे वेचणीस बाया येतात.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आम्हीच आधी मांडतो : तुम्हांस लेख लिहावयास काय जाते, पीक आमचे जाते. आक्षेप अगदी खरा आहे. शहरात बसून एकही जनावर मारू नका असा उपदेश करणाऱ्यांनी पौषातील एक रात्र त्या मचाणावर काढावी; त्यांच्याशी आमचे काडीचेही साम्य नाही. नुकसानीच्या भरपाईसाठी खेटे घालून कास्तकार थकतो, आणि त्या थकव्यातून कुंपणात चोरून विजेचा प्रवाह सोडण्याची अघोरी युक्ती निघते. तिने डुक्कर मरते, वाघ मरतो आणि रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारीही मरतो. तेव्हा परवानगीने डुक्कर मारण्यास आमचा विरोध नाही. २०२२ साली केरळ सरकारने रानडुकरे मारण्याच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे सोपविला आणि विष, स्फोटके व वीज ह्यांस मनाई केली. त्या व्यवस्थेतील उणिवा असतील त्या असोत. डुक्कर मारणे हा गावाचा प्रश्न आहे, एका मालकाचा व त्याच्या पाहुण्याचा नव्हे, एवढे तरी तिने ओळखले.

आमचे मागणे ह्याच धोरणाचे आहे. बंदूक मचाणावर चढावयाची असेल त्या दिवशी दिवसाउजेडी धुऱ्याला धुरा लागलेल्या प्रत्येकास, मग तो मालक असो, ठोकेदार असो की सालदार, तसा निरोप गेला पाहिजे. आणि त्यांपैकी एकाने जरी आज नको म्हटले, तर बंदूक घरी राहिली पाहिजे. डोळ्यांना स्पष्ट दिसल्याशिवाय चाप ओढावयाचा नाही. जखमी जनावर ज्याने केले त्यानेच वेचणीच्या आधी शोधावे, पाहुणा असला तरी. पहाटेच्या गाडीने परत जाण्याची सवलत त्यास नाही. आणि ज्याची त्या रात्री जागलीची पाळी आहे, मचाण त्याचे. मालक खाली उतरला तरी चालेल. ह्यात यजमानपणास उणेपणा येतो असे ज्यांस वाटेल, त्यांनी पाहुण्यास वाड्यावर गादी घालून द्यावी.

त्या शेतावर आम्ही गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. मचाण तेच आहे. सालदारही तोच आहे. मात्र आता रात्री धुऱ्याने जाताना तो सारखा मोठमोठ्याने खोकत जातो. प्रकृती बरी नाही काय, असे आम्ही विचारले. ‘प्रकृतीले काय झालं,’ तो म्हणाला, ‘मानूस हाय म्हून सांगा लागते.’