गाय दिली, सावली कोणी द्यायची?

वर्धा जिल्ह्यातला मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला भर दुपारची जनावरांची अवस्था सांगावी लागत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. गावची गवळाऊ गाय कडुनिंबाच्या सावलीत रवंथ करीत असते. शेजारी टिनाच्या छपराखाली बांधलेली संकरित गाय मात्र धापा टाकते, तोंडातून लाळ गाळते, वैरण हुंगून सोडते आणि खाली बसण्याचेही टाळते. ही तिची भाषा आहे. ती कळण्यास पदवी लागत नाही. क्षणभर थांबून पाहण्याची इच्छा लागते.

ती इच्छा योजना आखणाऱ्यांपाशी नव्हती, असा माझा स्पष्ट आरोप आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वर्धा जिल्हाही होता. शेतीला जोडधंदा हवा म्हणून शेतकऱ्यांना अनुदानावर दुधाळ जनावरे देण्यात आली. हेतूविषयी शंका नाही. पण हिशेब झाला तो लिटरांचा! कोरडवाहू कपाशीच्या गावात हिरवा चारा कोठून येणार? माणसांनाच पाणी पुरत नाही, तेथे गाईला कोण पाजणार? अनेक घरांत तिच्या खुराकाचा खर्च दुधाच्या पैशांहून वरचढ ठरला. कित्येकांनी ती विकून टाकली. मुकी गाय आणि कर्जात बुडालेला तिचा धनी, दोघेही एकाच अविचाराचे बळी ठरले.

याच जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा भागात पांढरी, चपळ गवळाऊ जात पिढ्यान्‌पिढ्या या उन्हात घडली आहे. दूध बेताचे, पण बैल चलाख आणि ऊन सोसणारे. लिटरांच्या हिशेबात मात्र ती मागे पडली. १९४१ साली ज्या वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्या कार्याला वाहिले, त्याच वर्ध्याची ही कथा आहे. गोपूजेपेक्षा गोसेवा अवघड, हे त्या दोघांनी ओळखले होते.

कोणी म्हणेल, माणसे मरत असताना जनावरांचे लाड कसले? वाचकहो, हा प्रश्नच चुकीचा आहे. उन्हाने बेजार झालेली गाय आधी चारा सोडते, मग तिचे दूध आटते, आणि शेवटी धन्याचा हप्ता थकतो. गाईचे सुख आणि घराची चूल यांत वैर नाही. मोशेच्या नियमशास्त्राने शब्बाथाच्या विश्रांतीत बैलालाही वाटा दिला आणि मळणी करताना त्याचे तोंड बांधण्यास मनाई केली. कष्ट करणाऱ्या जिवाची भूक हा त्याचा हक्क मानला गेला.

दोष केवळ सरकारला देऊन आपण सुटत नाही. उद्या एखाद्या धर्मग्रामाने गरजू कुटुंबाला गाय किंवा शेळी देण्याचे ठरविले, तर छायाचित्र काढण्यापूर्वी समितीने त्या अंगणात उन्हाळ्याची एक दुपार काढावी. सावली कोठे आहे, पाणी किती दूर आहे, जूनपर्यंत वैरण पुरेल काय, हे घरच्या बाईला विचारावे. कारण शेण-पाणी बहुधा तिच्याच वाट्याला येते. उत्तर समाधानकारक नसेल, तर आधी छप्पर आणि चारा द्यावा. गाय नंतर द्यावी.