कापूस घरात, लॅपटॉप दुकानात

दिवाळी झाली, की जामनेर तालुक्यातल्या गावांत एकच प्रश्न घरोघरी ऐकू येतो. वेचणी होऊन कापूस घरात आलेला असतो. पुढची खोली पार वरपर्यंत पांढरीशुभ्र! खेडा खरेदीवाला व्यापारी ओट्यावर टेकतो, भाव सांगतो, आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आत्ता विकायचा, की थांबायचं?

हाच प्रश्न तुम्ही मुलं हल्ली उलट्या बाजूने विचारता. लॅपटॉप आत्ता घ्यायचा, की थांबायचं? कापूस विकणारा भाव चढायची वाट बघतो, लॅपटॉप घेणारा भाव उतरायची वाट बघतो. एक विकणारा, एक घेणारा. पण दोघांची अडचण सारखीच. उद्याचा भाव कुणालाच माहीत नाही! म्हणून या वेळी आपण लॅपटॉपचा हिशेब कापसाकडून शिकू या.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. ज्यांनी थांबून विकला, त्यांची चांदी झाली. पुढच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, खान्देशातल्या कित्येक घरांनी तोच हिशेब धरला. सुरुवातीला साडेआठ-नऊ हजार मिळत होते, पण 'दहा होऊ द्या, मग बघू' म्हणून कापूस घरातच राहिला. भाव मात्र चढायच्या ऐवजी उतरत गेला. उन्हाळ्यात तो सात-साडेसात हजारांच्या आसपास आला. एका वर्षी थांबणारा शहाणा ठरला, दुसऱ्या वर्षी तोच फसला. अक्कल तीच होती, नशीब बदललं!

आणि नुसत्या भावाचंच नाही बरं का. घरात पडलेला कापूस वाळतो, त्यातला ओलावा जातो, वजन घटतं. अंगाला खाज सुटते. ठिणगीची भीती असते. बियाण्या-खतासाठी काढलेल्या कर्जावर व्याज चढत असतं ते वेगळंच. म्हणजे काय, तर थांबणं फुकट नसतं. थांबण्यालाही भाव असतो. फक्त तो पाटीवर लिहिलेला नसतो.

आता लॅपटॉपकडे वळू.

'पुढच्या वर्षी याहून चांगला येईल' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते खोटं नाही. गॉर्डन मूर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक गोष्ट मांडली होती. संगणकाच्या चिपवर मावणाऱ्या सूक्ष्म भागांची संख्या दर वर्षी दुपटीने वाढते आहे, असं त्याचं म्हणणं होतं. १९७५ मध्ये त्याने त्यात दुरुस्ती केली आणि दर दोन वर्षांनी दुप्पट असं सांगितलं. पुढे कित्येक वर्षं साधारण तसंच घडत गेलं. पण जरा विचार करा. 'पुढच्या वर्षी चांगला येईल' हे १९८१ मध्ये खरं होतं, २००१ मध्ये खरं होतं, आजही खरं आहे. जे कारण दर वर्षी खरं असतं, त्यावरून या वर्षी काय करायचं ते ठरत नाही. ते कारण धरून बसलं, तर माणूस कधीच लॅपटॉप घेणार नाही!

थांबणाऱ्यांची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. ॲडम ऑस्बोर्न नावाच्या माणसाचं बालपण आपल्याच देशात, तमिळनाडूत गेलं. त्याने १९८१ मध्ये 'ऑस्बोर्न १' नावाचा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंचांचा आणि स्मृती ६४ केबी. आजच्या ८ जीबीच्या साध्या लॅपटॉपची स्मृती त्याच्या एक लाख ३१ हजार पट भरते! लॅपटॉपचा हा आजोबा धडाक्याने खपला. पण पुढचं, याहून चांगलं मॉडेल येतंय अशी बातमी ते तयार होण्याआधीच बाहेर फुटली. 'मग हा कशाला? पुढचाच घेऊ' असं म्हणून लोक थांबले, माल पडून राहिला, आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, असं सांगतात. कंपनी बुडायला इतरही कारणं होती, असं अभ्यासकांचं मत आहे. तरी लवकर केलेल्या घोषणेने गिऱ्हाईक थांबण्याला आजही 'ऑस्बोर्न परिणाम' असंच म्हणतात.

बरं, थांबलं की भाव उतरतोच का? तेही नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. स्मृतीच्या चिप ती केंद्रं ओढून घेऊ लागली आणि घरगुती लॅपटॉपच्या वाट्याला त्या महाग पडू लागल्या. 'दोन महिन्यांनी स्वस्त होईल' म्हणून थांबलेल्यांचं इथे २०२२-२३ च्या कापसासारखंच झालं.

मग थांबायचंच नाही का? थांबायचं; पण ज्याची तारीख माहीत आहे, अशा गोष्टीसाठी थांबायचं. एक उदाहरण घ्या. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी करण्याचा निर्णय झाला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी मोठा टीव्ही घ्यायला ते एकोणीस दिवस कळ काढली, त्यांचा फायदा झाला. लॅपटॉपवर मात्र आधीही १८ टक्के होते आणि नंतरही १८ च राहिले. नीट चौकशी न करता त्याच आशेने लॅपटॉपसाठी थांबणाऱ्याच्या हाती काही लागणार नव्हतं!

थांबण्याची पटण्यासारखी कारणं तीन आहेत.

पहिलं, गरज कोणती तेच अजून ठरलेलं नाही. दहावी-बारावीत असताना 'पुढे लागेलच' म्हणून लॅपटॉप घेणं म्हणजे पाऊस पडायच्या आधी पेरणी करणं. वाणिज्य शाखेला साधा लॅपटॉप पुरतो. अभियांत्रिकीत यंत्रांची किंवा इमारतींची रेखाटनं करायची, तर दणकट लागतो. प्रवेश झाला, की कॉलेजमध्येच विचारा. शिवाय वॉरंटी घेतल्या दिवसापासून चालू होते आणि बॅटरी न वापरताही म्हातारी होत जाते. दोन वर्षं आधी घेतलेला लॅपटॉप कपाटातच निम्मा संपतो.

दुसरं, तारीख ठरलेली आहे. प्रवेशाची असो, सणाच्या सवलतीची असो, किंवा आधीच जाहीर झालेली दुसरी कुठली असो.

तिसरं, पैसा अजून हातात नाही. आपल्याकडे हे कारण सगळ्यांत मोठं. कॉलेजं उघडतात पावसाळ्यात आणि कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर. जूनमध्ये घरात बी-बियाण्याचीच ओढाताण असते. अशा वेळी लॅपटॉपसाठी हट्ट धरला, तर वडील नाही म्हणणार नाहीत; पण मग दोन महिन्यांच्या पैशांसाठी कापूस पडत्या भावात जातो, नाहीतर हप्ते बसतात.

हप्त्यांचंही समजून घ्या. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली, तर दुकानदाराला एवढंच विचारा, "रोख दिले तर किती?" समजा, रोख भाव ३८,००० आहे आणि हप्त्यांनी ४०,००० होतात. मग ते दोन हजार म्हणजेच व्याज, फक्त कपडे बदलून आलेलं! शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं.

आणि एक थांबणं मात्र अजिबात नको. 'सरकार सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देणार, या लिंकवर नाव नोंदवा' असे निरोप मोबाईलवर फिरतात. असे कित्येक निरोप खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केलं आहे. त्या लिंकवर आधारचा किंवा बँकेचा नंबर मुळीच भरू नका. खरी योजना असेल, तर ती शाळेत किंवा सरकारी कार्यालयात विचारली की कळते.

आता वहीतला हिशेब. समजा, लॅपटॉप ४०,००० चा आहे आणि तो चार वर्षं, म्हणजे ४८ महिने चालेल. दर महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडले. सहा महिने थांबल्यावर तो दोन हजारांनी स्वस्त होईल असं धरलं, तर थांबल्याची कमाई महिन्याला ३३३ रुपये. आता स्वतःला विचारा: त्या एका महिन्यात लॅपटॉप नसल्यामुळे माझं जे अडेल, ते ३३३ रुपयांहून जास्त मोलाचं आहे का? रोजचा अभ्यास, प्रकल्प, सराव अडत असेल, तर थांबणं महाग पडलं. नुसते सिनेमे आणि खेळ अडत असतील, तर थांबणं स्वस्त पडलं. इतकं सोपं आहे.

थांबायचं ठरलं, तरी काम मात्र थांबवू नका. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी 'पीजे' गाडी मार्च २०२० मध्ये लॉकडाउनच्या वेळी थांबली. पुढे रूळ रुंद करून मार्ग बोदवडपर्यंत नेण्याचं काम मंजूर झालं. पण म्हणून पाचोऱ्याला जाणारे घरी बसून राहिले का? ते एसटीने जात राहिले. तसंच शाळेची संगणक खोली, गावातला संगणक वर्ग, मोठ्या भावाच्या मित्राचा रविवारचा लॅपटॉप, या आपल्या एसट्या. त्यांत बसायला लाजू नका.

जुना लॅपटॉप घेणार असाल, तर एक गोष्ट तपासा. विंडोज १० चं नेहमीचं सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ साठी इंटेलची चिप साधारण आठव्या पिढीपासून पुढची लागते. त्याआधीची असेल, तर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून भागतं; पण मग किंमतही तशीच कमी करून मागा. नवा घेणार असाल, तर रॅम किमान ८ जीबी असावी आणि साठवण एसएसडीची असावी. 'रॅम नंतर वाढवता येते का?' हा प्रश्न विसरू नका.

आई-बाबांनाही एक विनंती. मूल लॅपटॉप मागतं तेव्हा एकदम 'हो' किंवा एकदम 'नाही' म्हणू नका. घरातला हिशेब त्याच्यासमोर मांडा. कापूस किती क्विंटल, देणं किती, हातात काय उरणार, हे समजण्याइतकी ही मुलं मोठी झालेली असतात. ज्या मुलाला घराचा हिशेब ठाऊक असतो, ते मूल हट्ट करत नाही. ते तारीख विचारतं.

तर मित्रांनो, या आठवड्याचं काम. वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा. लॅपटॉप कशासाठी हवा? कधीपासून हवा? तोवर काम कशावर भागेल? पैसा कोणत्या महिन्यात येईल? चारही उत्तरं लिहून झाली, की ते पान घरात वाचून दाखवा. दुसऱ्या ओळीतला महिना आणि चौथ्या ओळीतला महिना जुळला, तर त्याच महिन्यात खुशाल घ्या आणि घेतल्यावर पुढे भाव बघूच नका. शेतकरीही कापूस विकल्यावर रोज भाव विचारत बसत नाही. तो पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतो.