टॅब्लेटवरील ध्वनिमुद्रण : मोठें यंत्र कीं योग्य यंत्र?



गेल्या वर्षीं आमच्या शाळेचे निवृत्त गायनशिक्षक आपल्या मुलीकडे परगांवीं कायमचे राहावयास निघाले. तीस वर्षें त्यांनीं येथील मुलामुलींकडून गाणीं बसवून घेतलीं. स्नेहसंमेलनाच्या कित्येक गीतांस त्यांनींच चाली दिल्या. परंतु त्यांतील एकही चाल कागदावर उतरलेली नाहीं. त्या सर्व त्यांच्या बोटांत व गळ्यांत. मी स्वतः त्यांचा विद्यार्थी. ते जाण्यापूर्वीं या चाली मुद्रित करून ठेवाव्या असें आम्हीं ठरविलें, आणि त्या कामीं पुढाकार घेण्याची हौस मला आली.

शाळेजवळ एक टॅब्लेट होता. टॅब्लेटास चांगला मायक्रोफोन किंवा वाद्य जोडावयाचें तर मध्यें एक यंत्र लागतें. त्यास ऑडिओ इंटरफेस असें म्हणतात. मायक्रोफोनांतून येणारा विजेचा दुबळा संकेत वाढवावयाचा, त्याचें आंकड्यांत रूपांतर करून तो टॅब्लेटकडे पाठवावयाचा, आणि टॅब्लेटांतील आंकडे पुन्हा ध्वनिरूपानें आपल्या कानांवर घालावयाचे, एवढें त्याचें काम. मीं दुकानांत जाऊन एकदम आठ मायक्रोफोन जोडतां येतील असें भलें मोठें यंत्र आणिलें. खोक्यावर आंकडे मोठे होते. आणि मोठ्या आंकड्यांस भुलणें हा कांहीं केवळ लहान मुलांचाच दोष नव्हे.

ठरल्या दिवशीं मास्तर आपली पेटी घेऊन आले. यंत्र जोडलें, दिवे लागले, पण टॅब्लेट कांहीं त्यास ओळखीना. त्या यंत्रासाठीं ‘ड्रायव्हर’ नांवाचा एक निराळा प्रोग्राम आधीं बसवावा लागे, आणि तो संगणकावर बसे, आमच्या टॅब्लेटवर नव्हे! एक तास खटपटींत गेला. मास्तर शांतपणें बसून होते. शेवटीं हसून म्हणाले, “अरे, तुझी तयारी होईतों माझा गळा बसेल!” अखेर टॅब्लेटच्याच अंगच्या मायक्रोफोनवर आम्हीं काम उरकलें. तें मुद्रण आजही आमच्याजवळ आहे. त्यांत पेटीखालीं मास्तरांचा आवाज दबलेला आहे, डोक्यावरील पंख्याची घरघर आहे, आणि एके ठिकाणीं माझी कुजबुजही आहे. आतां मास्तरांचा हात कांपतो व पेटी वाजविणें होत नाहीं. ती संधि गेली ती गेलीच.

दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. तें यंत्र किती करूं शकतें हें मीं पाहिलें. आपणांस काय करावयाचें आहे हें पाहिलें नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, ज्याला टॅब्लेटवर संगीत मुद्रित करावयाचें आहे त्यानें दुकानापासून आरंभ न करितां गाणाऱ्यापासून आरंभ करावा. कोण गाणार, कोणतें वाद्य वाजणार, एका वेळीं किती आवाज टिपावयाचे आणि कोठें बसून, या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं व तो कागद हातीं घेऊनच बाजारांत जावें.

पहिली गोष्ट यंत्र व टॅब्लेट यांची सोयरीक. ज्या इंटरफेसास निराळा ड्रायव्हर लागत नाहीं त्यास ‘क्लास कंप्लायंट’ म्हणतात. टॅब्लेटसाठीं हा गुण पहिला पाहावा. तो नसेल तर बाकीचे गुण बहुधा व्यर्थ. नंतर तोंड पाहावें. अलीकडील बहुतेक टॅब्लेटांस यूएसबी-सी जातीचें तोंड असतें. जुन्या आयपॅडांस लायटनिंग जातीचें असल्यामुळें त्यांस निराळा जोड घ्यावा लागतो, आणि तो ज्यांत वीजपुरवठ्याचीही तार लावतां येते असाच घ्यावा. कारण पुष्कळ लहान इंटरफेस आपली वीज टॅब्लेटांतूनच घेतात. टॅब्लेटाची बॅटरी त्यामुळें लवकर उतरते, आणि कित्येकदां यंत्रास पुरेशी वीज मिळतच नाहीं.

दुसरी गोष्ट संख्येची. गाणारा एक व पेटी एक, तर दोन मायक्रोफोन पुरेत. टॅब्लेटवरील मुद्रणाच्या प्रोग्रामांत एक आवाज आधीं टिपून तो ऐकत ऐकत दुसरा त्यावर चढवितां येतो. म्हणून एकटा विद्यार्थी एकाच मायक्रोफोनवर तबला, पेटी व गळा तिन्ही क्रमाक्रमानें मुद्रित करूं शकतो. कंडेन्सर जातीच्या बहुतेक मायक्रोफोनांस ४८ व्होल्टचा पुरवठा इंटरफेसांतूनच द्यावा लागतो. डायनॅमिक जातीच्यांस तो लागत नाहीं. आपल्या मायक्रोफोनची जात जाणून मगच यंत्र घ्यावें. विजेची गिटार थेट जोडावयाची असेल तर तिच्यासाठीं वेगळी सोय आहे कीं नाहीं तेंही विचारावें.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. गाणाऱ्याचा आवाज टॅब्लेटांत जाऊन परत त्याच्या कानीं येईपर्यंत अल्पसा विलंब होतो. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो; म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरांवर बसलेला साथीदार ऐकण्यासारखा आहे. तेवढा सोसतो. तो फार वाढला कीं, गाणारा ताल सोडूं लागतो. म्हणून आपला आवाज टॅब्लेटाची वारी न करितां थेट इंटरफेसांतूनच कानीं येईल अशी सोय ज्यांत आहे तेंच यंत्र पसंत करावें. बिनतारी हेडफोन या कामीं वापरूं नयेत; त्यांचा विलंब पुष्कळदां १०० मिलिसेकंदांहूनही अधिक असतो.

आतां त्या मोठ्या आंकड्यांविषयीं. तरुण माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. ध्वनीचे नमुने त्याच्या दुपटीहून अधिक वेळां घेतले म्हणजे तो यथास्थित टिपतां येतो. म्हणूनच ध्वनिचकतीसाठीं, म्हणजे सीडीसाठीं, सेकंदास ४४,१०० नमुने ठरविण्यांत आले. खोक्यावर १,९२,००० असा आंकडा पाहून कोणी हुरळून जाऊं नये. ४८,००० नमुने व २४ बिट या मापानें दोन मायक्रोफोनांचें एक मिनिट मुद्रण सुमारें १७ मेगाबाइट जागा घेतें; त्या मोठ्या मापानें तेंच सुमारें ६९ मेगाबाइट घेतें. टॅब्लेट चौपट लवकर भरतो, पंख्याची घरघर मात्र तसूभरही कमी होत नाहीं! पंखा बंद करणें, खिडक्यांस जाड पडदे लावणें आणि मायक्रोफोन गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवणें, यांस एक पैही पडत नाहीं, आणि फळ अधिक मिळतें. तसेंच आवाजाची पातळी चढवून ठेवूं नये. मर्यादेबाहेर गेलेला आवाज फाटतो, आणि तो फाटलेला पुन्हा नीट सांधतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, “उद्यां सबंध वाद्यवृंद मुद्रित करावयाचा झाल्यास आठ मायक्रोफोनांचें यंत्र उपयोगी पडेलच कीं!” पडेल, पण तो उद्यां उजाडेल तेव्हां तें भाड्यानें आणावें. वर्षांतून एका दिवसासाठीं उरलेल्या सर्व दिवसांचा खर्च अंगावर घेणें शहाणपणाचें नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, “टॅब्लेटचाच मायक्रोफोन काय वाईट?” रियाजाची चूक आपल्या आपण ऐकावयास तो पुरेसा आहे, जपून ठेवावयाच्या गोष्टीस पुरेसा नाहीं, हें आम्हीं अनुभवानें शिकलों.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां मायक्रोफोनवर मुद्रण करण्याची रीतच निघाली नव्हती. ती १९२५ च्या सुमारास आली. गाणारीस कर्ण्याच्या तोंडाशीं गावें लागे, आणि तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तेवढ्यांतच राग मांडून संपवावयाचा! त्या काळच्या कलावंतांनीं यंत्राची मर्यादा ओळखून आपली तयारी केली, म्हणून त्यांचे स्वर आज शंभरांहून अधिक वर्षांनीं आपण ऐकतों. आमच्याजवळ त्यांच्याहून कितीतरी पटींनीं चांगलें यंत्र होतें. उणी पडली ती तयारी.

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलानें असें यंत्र मागितलें तर तें एकदम नाकारूंही नये आणि सर्वांत महाग तें आणूनही देऊं नये. “काय मुद्रित करणार आहेस?” एवढेंच विचारावें. ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्यास दोन मायक्रोफोनांचें साधें यंत्र पुरे. ज्याच्याजवळ उत्तर नाहीं, त्यास आठांचेंही पुरणार नाहीं. आणि मुलांनो, यंत्र हातीं आलें कीं, मुद्रणाच्या आदल्या दिवशीं तें सर्व जोडून एकदां पाहा. तहान लागल्यावर विहीर खणूं नका. घरांत आजीच्या ओव्या असतील, आजोबांची पेटी असेल. त्यांची संधि तुमच्या सवडीची वाट पाहत बसणार नाहीं.

यंदां शाळेनें तें मोठें यंत्र देऊन दोन मायक्रोफोनांचें लहानसें यंत्र घेतलें आहे. या पानांचे वाचक असलेल्या पालकांपैकीं पुष्कळजण मास्तरांचे विद्यार्थी आहेत. त्यांच्या चाली ज्यांच्या ओठांवर अजून असतील, त्यांनीं एखाद्या शनिवारीं दुपारीं गायनवर्गांत यावें व त्या गाऊन दाखवाव्या. पंखा बंद असेल, यंत्र आदल्या दिवशीं जोडून पाहिलेलें असेल, आणि मी कुजबुजणार नाहीं.