मुलीचा फोन काढून घेतला, म्हणजे झाले?

आसनगाव स्टेशनवर सकाळच्या लोकलसाठी उभे राहिले की एक दृश्य रोज दिसते. कल्याणकडे कॉलेजला निघालेली मुले-मुली माना खाली घालून मोबाइलमध्ये बुडालेली असतात. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे मुंबईची तहान भागवतात आणि आमच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. नेट मात्र बारमाही आहे. पाणी पोचले नाही तिथेही ते पोचले. त्याबरोबर काय काय पोचले, याचा विचार आम्ही थोरांनी केला आहे का?

केला आहे, पण एकच! मुलीचा फोन काढून घ्यायचा. कुणी अनोळखी माणसाने घाणेरडा मेसेज पाठवला, फोटोत फेरफार करून धमकावले, की आमचा पहिला प्रश्न असतो, ‘तू फोटो टाकलास कशाला?’ दुसऱ्या दिवशी शिक्षण बंद आणि तिसऱ्या दिवशी स्थळ बघायला सुरुवात. भाईजान मात्र रात्री दोनपर्यंत काय बघतो, हे कुणी विचारत नाही.

आम्हाला सांगायचे आहे की, धमकावणाऱ्याचे खरे हत्यार फोटो नसून आमच्या घरातली भीती आहे. अब्बांना कळले तर जीव घेतील, ही मुलीची खात्री असते, आणि तिच्यावरच त्याचा धंदा चालतो.

जानेवारी 2022 आठवा. ‘बुल्लीबाई’ नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. आदल्या वर्षी ‘सुल्ली डील्स’ हाच प्रकार झाला होता. त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी तक्रारी केल्या, म्हणून मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आरोपी पकडले. त्यांत एक मुलगी 18 वर्षांची, तर एक मुलगा 21 वर्षांचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! त्यांच्या घरच्यांनाही वाटत असेल, पोर खोलीत अभ्यास करते आहे. म्हणजे जपायचे ते केवळ बळी पडणाऱ्या लेकरांना नव्हे. हे विष पिऊन दुसऱ्यावर ओकणाऱ्या लेकरांनाही सांभाळायचे आहे. त्यात आपली मुले नसतीलच, अशी हमी कोण देईल?

फोनबंदीने हे होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली वेगळी वाट काढली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद होतात. ज्या महाराष्ट्रात भोंग्यावरून भांडणे होतात, तिथे भोंग्याचा याहून चांगला उपयोग कोणता? त्यातली गोम अशी, की फोन बापानेही ठेवायचा असतो. आम्ही मात्र स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर बोटे फिरवत मुलांना उपदेश करतो.

कायदा मुलांच्या बाजूने आहे, तो घरात माहीत हवा. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. वृत्तपत्रांना त्याचे नाव छापण्याची मनाई आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67ब मुलांची अश्लील चित्रे बनवणाऱ्याला आणि पसरवणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवते. तेव्हा ‘बदनामी होईल’ ही सबब पुढे करू नका. धमकीचे मेसेज पुसू नका, पैसे देऊ नका. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक दारामागे लिहून ठेवा.

मोहल्ल्यात लग्नाच्या खर्चावर बैठका होतात, चंद्र दिसला की नाही यावर रात्री जागतात. एक बैठक यावरही होऊ द्या, आणि तीत मुलामुलींना बोलू द्या. आमच्या इज्जतीचे ओझे पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर देऊन आम्ही निवांत झोपतो, हे थांबले पाहिजे. संकटात सापडलेल्या लेकराने पहिला फोन आम्हालाच करावा, एवढी तरी लायकी आम्ही कमवायला नको का?