तळे राखी, तो तळेच गिळी!

आपल्या पूर्वजांना मनुष्यस्वभावाची पारख होती. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ असे ते म्हणाले, तेव्हा राखणदाराच्या ओंजळभर लोभाकडे त्यांनी जाणूनबुजून काणाडोळा केला. ओंजळीने तळे आटत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण तोच राखणदार एके दिवशी ओंजळ टाकून काँक्रीटची घमेली घेऊन पाण्यात उतरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. आधी बोटी लागाव्यात म्हणून एक लहानसा धक्का, मग धक्क्यावर येणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून छप्पर, छपराखाली बसणाऱ्यांसाठी उपाहारगृह, उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकांसाठी वाहनतळ, वाहनतळासाठी काठावर भराव, भराव खचू नये म्हणून भिंत आणि भिंतीला शोभा यावी म्हणून रंगीत कारंजे, असे एकामागून एक टप्पे ‘सुशोभीकरण’ या गोंडस नावाखाली उरकले जातात, प्रत्येक टप्प्याला नारळ फुटतो, फीत कापली जाते, टाळ्या पडतात. आणि अखेरीस आयुष्यभर त्या काठावर फिरलेल्या म्हाताऱ्याला नुसते पाणी पाहायचे असेल तर तिकिटाच्या खिडकीशी उभे राहावे लागते. चाखणारा राखणदार परवडला. हा गिळणारा आहे.

या गिळंकृत करण्याला अधिकार कोणाचा? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 20 सांगते की, नद्या, नाले, सरोवरे, तळी आणि त्यांतील साचलेले वा वाहते पाणी दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसेल तर ते राज्य शासनाचे. सरकारी कचेऱ्यांनी या कलमातला ‘शासनाचे’ एवढाच शब्द पाठ केला आणि शासन म्हणजे आपण, असा सोयीचा अर्थ लावून घेतला. बियास नदीच्या काठावरील एका मोटेलने स्वतःच्या बचावासाठी चक्क नदीचा प्रवाह वळवला, तेव्हा 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अर्थाचे कान उपटले होते. नद्या, वने, किनारे ही संपत्ती शासनाकडे विश्वस्त म्हणून आहे. ती लोकांच्या उपभोगासाठी राखायची, खासगी लाभासाठी उधळायची नाही, असे त्या निकालाने बजावले. या निकालाला आता जवळपास तीन दशके होत आली. तरीही आपल्या पालिका, सुधार प्रन्यास आणि पर्यटनाचे ठेकेदार तळ्याकडे पाहतात ते बिल्डरच्या नजरेने: त्यांना पाणी दिसत नाही, रिकामा प्लॉट दिसतो.

या लुटीला कायद्याच्या पोटातच आश्रय मिळावा, हे आमच्या संतापाचे खरे कारण आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी अतिक्रमणाला, कचऱ्याला आणि पक्क्या बांधकामाला मनाई केली खरी. पण त्याच नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आणि सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, करमणुकीसाठी उभारलेली बांधकामेही वगळली. दिल्लीच्या कागदावर हे वाक्य निरुपद्रवी दिसते. दख्खनच्या काळ्या फत्तरावर ते तळ्यांच्या मृत्यूचे फर्मान ठरते. लोणारसारखा अपवाद सोडला, तर या महाराष्ट्रात माणसाचा हात न लागलेले मोठे तळे दाखवा! मुंबईचे पवई 1891 चे, पिण्याच्या पाण्यासाठी अडवलेले. नागपूरचे अंबाझरी एकोणिसाव्या शतकातले, तेही शहराची तहान भागवण्यासाठी बांधलेले. तिथलाच फुटाळा भोसल्यांच्या राजवटीतला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात, ते कोहळी शेतकऱ्यांच्या घामाने आणि जमिनीच्या उताराच्या अचूक जाणिवेने उभे राहिले. म्हणजे ज्यांनी टोपल्या वाहून, पाळी घालून, पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसून पाणी साठवले, त्यांच्या नातवंडांना आज सांगितले जाते की, तुमचे तळे निसर्गाने दिले नाही, तुमच्या आजोबांनी बांधले. सबब त्याला संरक्षण नाही. पूर्वजांच्या श्रमाचा याहून मोठा अपमान कोणता?

आणि या तर्काची विसंगती पाहा. ज्या रामसर कराराने जगभरच्या पाणथळ जागांना प्रतिष्ठा दिली, ज्यात भारत 1982 पासून सामील आहे, त्या कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद नाही. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे, म्हणजे माणसाच्या हाताने जन्मले. तिथे उतरणारी चक्रवाक आणि थापट्यांची झुंबड हे पाणी कोणी अडवले, याची चौकशी करून उतरत नाही. पाखरांना कळते ते नियमांना कळत नाही. फुटाळ्यावरील प्रेक्षादीर्घा, कारंजी आणि तरंगते उपाहारगृह यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा ऑक्टोबर 2025 च्या निकालात न्यायालयाने तलाव मानवनिर्मित असल्याने तो त्या नियमांच्या व्याख्येत बसत नाही, हे मान्य केले. परंतु लोकविश्वस्ताचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू आहे, असेही निःसंदिग्धपणे सांगितले आणि तलावात पक्के बांधकाम होता कामा नये, हा दंडक कायम ठेवला. निकालाचा पूर्वार्ध ठेकेदारांनी फ्रेम करून भिंतीवर लावला असेल. उत्तरार्ध वाचायचे काम आता जनतेचे आहे.

कारण ‘मानवनिर्मित’ या शब्दाने दार उघडले, तर ‘तात्पुरते’ या शब्दाने आत बिऱ्हाड थाटले आहे. पन्नास मीटरच्या पट्ट्यात पक्के बांधकाम नको, असे सांगणारा नियम पुढच्याच दमात बोटींच्या जेट्टीला सूट देतो. ठीक, नाव लावायला जागा हवीच. पण जेट्टी म्हणजे किती लांब, किती रुंद? एका तळ्यावर किती? तिच्यावर छप्पर चालते काय, चूल चालते काय, लग्नाचा मांडव चालतो काय? ठेका संपल्यावर ती उखडायची कोणी आणि कोणाच्या खर्चाने? यांचे उत्तर नियमात नाही, म्हणून ते निविदेत दडते. खांब पाण्यात रोवलेला असला तरी त्यावरची फळी बोल्टने बसवली, एवढ्यावर बांधकाम ‘तात्पुरते’ ठरते. आणि हे तात्पुरतेपण मंत्रिमंडळे बदलली, आयुक्त बदलले, पालिकेची मुदत सरली, तरी हलत नाही. पवईच्या काठी पालिकेने सायकलींच्या मार्गासाठी पाण्यात दगडांचे पिंजरे रचले, तेव्हाही हा पर्यावरणस्नेही प्रकल्प आहे, असेच नगारे वाजत होते. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ज्या तळ्यात मगरी अजून अंडी घालतात, त्याच्या काठावर दगड ओतण्याला ‘स्नेह’ म्हणण्याचे धारिष्ट्य फक्त निविदेच्या भाषेत असते.

आमच्या या संतापाला कोणी पक्षीप्रेमींचा हळवेपणा म्हणून हिणवील. त्याने तळ्याचा काठ म्हणजे काय, ते आधी समजून घ्यावे. तळ्याचा जीव मधल्या खोल पाण्यात नसतो. तो काठाच्या गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात, चिखलात असतो. मासा तिथे अंडी घालतो, बगळा तिथे पोट भरतो, वाहून येणारा गाळ आणि मैला तिथली पाणवनस्पती अडवते. तो उतरता काठ तोडून सरळ भिंत उभारली की तळ्याचे गर्भाशयच कापले जाते. उरते ते सांडपाण्याचे टाके, त्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी आणि सतरंजी उपसण्याचा दरवर्षीचा नवा ठेका. आणि मासे, पाखरे बाजूला ठेवली तरी पाणी स्वतः कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. त्यानंतर सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाच्या जागेचा प्रश्न उच्च न्यायालयात उभा राहिला. ज्या महापुरुषाने दरिद्री माणसात नारायण पाहिला, त्याचेच स्मारक कोठे असावे आणि कोठे नसावे, हे ठरवताना पाण्याच्या वाटेचा विचार झाला नाही, ही त्याच्या भक्तांची भक्ती! सांडवा हा तलावाचा श्वास. श्वासासमोर पुतळाही नको, पूलही नको, चौपाटीही नको.

आणि जेथे पाणी चढून येत नाही, तेथे माणसे पाण्यात पाठवली जातात. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेहून अधिक जीव कोंबले होते आणि सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जाकिटेही नव्हती. तलाव सार्वजनिक, काठ सार्वजनिक, ठेका मात्र खासगी. त्यानंतर चारच महिन्यांनी, 21 मे रोजी, आपल्या उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. ती सहल नव्हती. जलाशयाने गावांची जुनी वाट बुडवली आणि शासनाने नवी दिली नाही, म्हणून होडीवर जीव ठेवून ये-जा करणारी ती आपली माणसे होती. एकीकडे शहरातल्या तळ्यावर चैनीच्या डेकसाठी कोट्यवधींचे आराखडे, दुसरीकडे धरणाच्या काठी गावकऱ्यांसाठी धड उतारघाटही नाही. पैसा आहे. लाज नाही.

या लाजेचा हिशेब मांडायला बसलो, तर ढोंगाची पाने संपत नाहीत. तळ्याच्या पाळीवर एखाद्या मजुराने चार पत्रे उभे केले की ते अतिक्रमण. बुलडोझर दुसऱ्या दिवशी हजर. त्याच पाळीवर ठेकेदाराने काचेची दालने उभी केली की तो विकास. त्याला वीजजोड, रस्ता आणि उद्घाटनाला पाहुणा. ज्या ढिवर-भोयांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या, त्यांच्या जाळ्याने बोटींना ‘अडथळा’ होतो. मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी मात्र कोणालाच अडथळा होत नाही. ज्या महाराष्ट्रात 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, ज्या महाराष्ट्रात 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क सांगितला, त्याच महाराष्ट्रात तळ्याभोवती कुंपण पडावे, याचा जाब कोणाला विचारायचा? महाडच्या त्या अमानुष विटाळाशी आम्ही आजच्या तिकिटाची बरोबरी करीत नाही. त्या वेदनेला तोड नाही. पण त्या वेळच्या प्रतिपक्षाचा न्यायालयातला युक्तिवाद आठवा: हे तळे सार्वजनिक नव्हेच! व्याख्या बदलली की हक्क आपोआप मरतो, हा त्यांचा हिशेब होता आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. आज ‘हे पाणथळ नव्हेच, मानवनिर्मित आहे’, ‘हे बांधकाम नव्हेच, तात्पुरते आहे’ म्हणणाऱ्यांची धाटणी वेगळी आहे काय? शब्द फिरवायचे आणि तळे मारायचे.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. राज्यातील प्रत्येक सार्वजनिक तलावाची पूर्ण संचय पातळी जमिनीवर दगड रोवून दाखवली गेली पाहिजे, केवळ नकाशावर नव्हे. त्या रेषेच्या आत आणि काठाच्या पट्ट्यात आज जे जे उभे आहे, धक्का, डेक, दीर्घा, मनोरा, भराव, त्याची नोंदवही तलावाच्या काठावरच लोकांना वाचता येईल अशी लागली पाहिजे: कोणाचे, कोणत्या परवानगीने, कोणत्या तारखेपर्यंत. जेट्टीची लांबी, रुंदी आणि संख्या नियमाने ठरावी, तिच्यावर उपाहारगृहाला सक्त बंदी असावी आणि ती उखडण्याचा खर्च बांधणाऱ्याकडून आगाऊ अनामत म्हणून घ्यावा. सांडव्यासमोर काहीही नको. प्रवासी नावेची क्षमता तिच्या अंगावर रंगवलेली असावी आणि ती ओलांडणारा ठेकेदार, तिकडे डोळेझाक करणारा अधिकारी, दोघेही एकाच पिंजऱ्यात उभे राहावेत. मालगुजारी तलाव आणि धरणांचे जलाशय यांना मानवनिर्मित म्हणून अनाथ करणारी फट राज्याने स्वतःचा कायदा करून बुजवावी. यात अशक्य काय आहे?

अशक्य काहीच नाही, हे केरळने दाखवले. वेंबनाड सरोवराच्या परिसरात मरडू येथे किनारा नियमन धाब्यावर बसवून उभारलेली चार गृहसंकुले 11 आणि 12 जानेवारी 2020 रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. काही सेकंदांत इमले जमीनदोस्त झाले; पण शेकडो कुटुंबांची घरे त्याआधी गेली आणि परवानगीच्या कागदावर सह्या करणाऱ्यांच्या घराचा एक चिराही हलला नाही. पाडण्यात पराक्रम नसतो. पहिला खांब रोवताना हात धरण्यात असतो. आणि तो हात दरवेळी न्यायालयानेच धरावा, दरवेळी कोणा विद्यार्थ्याने वा स्वयंसेवी संस्थेने पदरमोड करून याचिका लढवावी, हे स्वराज्य नव्हे. ही राखणदारांच्या दिवाळखोरीची जाहीर कबुली आहे.

वाचकहो, तुमच्या गावचे तळे आज संध्याकाळी जाऊन पाहा. काठाने एक फेरी घाला. जिथे पाय अडेल, जिथे कुंपण येईल, जिथे ‘प्रवेश सशुल्क’ ही पाटी दिसेल, तिथे थांबा आणि परवानगीचा कागद मागा. तो मागण्याचा हक्क तुमचा आहे. दाखवण्याचे कर्तव्य त्यांचे. कागद नसेल, तर उद्या सकाळी पालिकेच्या दारात उभे राहा. विश्वस्ताने हिशेब दिला नाही, तर त्याला दुसरे नाव आहे. चोर.