घोड्याचे नाव सयाजीराव!

यंदाच्या पोळ्याला वणी तालुक्यातील आमच्या गावी तोरणाखाली झडत्या आटोपल्यावर एका शहाण्याने मोठ्या तोऱ्यात सांगितले की, आपल्या बडोद्याच्या मराठा राजाने विलायतेत घोड्यांच्या शर्यती जिंकून गोऱ्या साहेबाचे नाक कापले! मंडळींनी टाळ्या पिटल्या. आम्ही पडलो मास्तर. पोरांना हिशेब शिकविणे हा आमचा धंदा. तेव्हा या विजयाचाही हिशेब मांडणे आम्हांस भाग आहे.

बातमी खोटी नाही. प्रतापसिंहराव गायकवाड १९३९ साली गादीवर आले. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात न्यूमार्केट येथे एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. त्या वेळच्या दराने हे ३,९२,००० रुपये होतात. शिंगराचे नाव ठेविले ‘सयाजीराव’! या घोड्याने १९४७ साली आयरिश डर्बी व सेंट लेजर या दोन मोठ्या शर्यती मारल्या. पुढच्याच साली महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली.

पण बांधवांनो, यात महाराजांचा पराक्रम कोणता? घोडा शिकविला आर्मस्ट्राँग साहेबाने. पाठीवर बसला ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. धावला बिचारा मुका जीव. महाराजांचा होता तो पैसा. आणि तो तरी त्यांनी नांगर धरून मिळविला होता काय? शेतकऱ्याचा सारा आणि कारागिराचा कर यांनीच राजाचा खजिना भरतो. त्या खजिन्यातून महाराजांनी कोट्यवधी रुपये उचलल्याचा बोभाटा झाला व प्रजा हिशेब मागू लागली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ साली सरकारने महाराजांची राजा म्हणून असलेली मान्यताही काढून घेतली. घोडे जिंकले, राजा हरला!

आता त्या नावाकडे या. खरे सयाजीराव हे या महाराजांचे आजोबा. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला. त्याने १८९३ साली अमरेली भागात मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यास लागू केले. १९१३ साली भीमराव आंबेडकरांस अमेरिकेत शिकावयास दरमहा साडेअकरा पौंड, असे तीन वर्षे दिले.

चौथीच्या पोराने करावे असे हे गणित. साडेअकरा पौंड दरमहा, छत्तीस महिने, म्हणजे ४१४ पौंड. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. भागून पाहा. एका शिंगराच्या किमतीत एकाहत्तर आंबेडकर परदेशी शिकून आले असते, वर सहा पौंड शिल्लक! कोणी म्हणेल, मधल्या बत्तीस वर्षांत पैशाचे मोल उतरले. बरे, निम्मेच धरा. तरी पस्तीस विद्वान त्या एका घोड्याच्या टापांखाली गेले. आजोबांचे नाव चालवावयाचे, तर ते शाळेच्या दारावर की घोड्याच्या खोगिरावर?

कोणी आम्हांस विचारील, मास्तर, राजा आपल्या जातीचा, आपल्याच माणसाची उणी कशाला काढता? आम्ही उलट विचारतो, परक्याने लुटले तर ती लूट आणि आपल्याने उधळले तर ती शोभा, हा कोठला न्याय? भटशाहीला हिशेब विचारणाऱ्यांनी आपल्या जातीच्या सिंहासनापुढे पाटी फोडावी काय? कापसाच्या गाड्यावर मापात मारले तर आपण भांडतो ना? मग येथे जीभ का अडखळते?

राजे गेले, पण हौशी राहिल्या. आज पटावर पोरे थोडी म्हणून खेड्यातल्या शाळांवर गदा येते. त्याच वेळी आपल्याच जातीचा पुढारी मोटारींचा ताफा मिरवीत आला की आपण टाळ्या पिटतो. बंधूंनो, टाळी पिटण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : दाणावैरण कोणाच्या घरची?

— एक शाळामास्तर, वणी