पंचाच्या हातातलं घड्याळ

शनिवारी रात्री पूलच्या जुन्या मॅचेस बघत बसलो होतो. मोस्कोनी कप, युरोप विरुद्ध अमेरिका. तिथे शॉट मारायला ३० सेकंद मिळतात. एका रॅकमध्ये एकदाच जादा वेळ मागता येतो. तोही संपला की फाउल, आणि पांढरा बॉल समोरच्याच्या हातात. हवा तिथे ठेव आणि मार! बायको म्हणाली, "एवढी काय घाई आहे त्यांना?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र मला शिरूर अनंतपाळला सापडलं.

मी तिथला. शाळेत कबड्डी खेळायचो. तेव्हा आमच्याकडे चढाईला घड्याळ नव्हतं. दम हेच घड्याळ, जेवढा श्वास तेवढी चढाई. ऐकायला किती छान वाटतं ना? पण दम तुटला की नाही हे ठरवणार कोण? अर्थात पंच. नववीत असताना एका सामन्यात शेवटची चढाई माझी होती. एकाला शिवलो, मध्यरेषेकडे वळलो आणि शिट्टी वाजली. "दम तुटलाय तुझा, हो बाहीर."

नव्हता तुटला हो! (आईशप्पथ.) चहूबाजूंनी पोरं बोंबलत असताना माझं 'कबड्डी कबड्डी' थांबल्याचं त्यांना ऐकू कसं आलं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. एका गुणानं हरलो. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "पंच म्हणल ते खरं."

असो. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि चढाईचे ३० सेकंद टीव्हीवर सगळ्या देशाला दिसायला लागले. दम नियमात अजून आहेच, पण वेळ संपला की नाही यावर वाद घालायला जागा उरली नाही.

याच्या उलट स्नूकर. तिथे नेहमीच्या सामन्यांत शॉटला ठराविक वेळ नाही. खेळाडू फारच वेळ लावतोय असं वाटलं तर पंचानं ताकीद द्यायची. पण 'फारच' म्हणजे किती? २००५ च्या जागतिक स्पर्धेत पीटर एब्डननं रॉनी ओसुलिव्हनविरुद्ध १२ गुणांच्या ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. रॉनीनं १९९७ मध्ये जवळपास तेवढ्याच वेळात १४७ केले होते! ८-२ असा मागे पडलेला एब्डन तो सामना १३-११ नं जिंकला. त्यानं नियम मोडला का? ते पंचाच्या मनावर. आणि अशा वेळी पंचानं हटकलं तरी पक्षपात, गप्प बसला तरी पक्षपात.

घड्याळानं खेळाचा जीव जातो असं काही मित्र म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. कबड्डीतच बघा, ३० सेकंद नुसतं फिरून रिकाम्या हातानं परत यायची सोय झाली. म्हणून तर सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' करावी लागली. घड्याळ वेळ मोजतं, हिंमत नाही. कोडमध्ये टाइमआउट टाकणाऱ्या आम्हा लोकांना हे चांगलं माहीत आहे. :-)

आणि ३० च का? बास्केटबॉलवाल्यांनी १९५४ साली साधा भागाकार केला. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, आणि रंगतदार सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट. उत्तर २४. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल. तो आधी ठरलेला हवा, आणि सगळ्यांना दिसायला हवा.

माझ्या त्या पंचांवर आता राग नाही. त्या गोंगाटात एकट्या माणसानं कानानं श्वास मोजायचा, त्याच वेळी कोण कोणाला शिवलं आणि कोणाचा पाय रेषेवर पडला हेही बघायचं. वेळेचं ओझं घड्याळानं उचललं असतं, तर त्यांचे डोळे आणि कान बाकीच्या गोष्टींना मोकळे राहिले असते. जे मोजता येतं ते घड्याळाकडे द्या. जे मोजता येत नाही त्यासाठी पंच हवाच.

गावाकडची पोरं दरवर्षी स्पर्धेच्या वर्गणीसाठी फोन करतात. आतापर्यंत ढाल देत आलो. या वेळी त्यांना म्हटलं, ढाल दुसऱ्या कोणाकडून घ्या, मी मोठ्या आकड्यांचं घड्याळ पाठवतो. पलीकडून पोरगं म्हणालं, "पण दादा, त्याच्यावर तुमचं नाव कुठं टाकायचं?"